चपलेचा बेडूक

जावयाने माझ्या जेवणाच्या टेबलावर आपला डबा उघडला, तेव्हा क्षणभर मला वाटलं, याने बांगड्यांचा धंदा सुरू केला की काय. खणाखणांतून नुसता रंग. हिरवे बेडूक, पिवळे मासे, चंदेरी पाती, शेपटीला झिरमिळ्या लावलेली आणखी कसली कसली सोंगं. एकेकाच्या पोटाखाली गळाचे आकडे. ओंकार एकेक उचलून मला दाखवत होता आणि मी भेंडी चिरता चिरता हौ हौ म्हणत होते.

ओंकार मूळचा पुण्याचा. माझ्या लेकीशी लग्न झालं आणि कंपनीच्या कामाने हैदराबादेत आला. इथं आलेल्या माणसाला बिर्याणीचं वेड लागतं, याला तळ्यांचं लागलं. गेल्या वर्षी त्याने एक लाल प्लास्टिकची कयाक घेतली, दोघांना पुढे-मागे बसता येईल अशी, आणि ती आमच्या नल्लकुंट्याच्या गच्चीवर आणून टाकली, कारण त्यांच्या उंच इमारतीत होडी ठेवू देत नाहीत. माझ्या पापडांची जागा गेली. कयाक घेतली, दोन रॉड घेतले, रीळ घेतलं, टोपी घेतली. मासा तेवढा घ्यायचा राहिला होता. दोन वर्षांत बोटभर मासोळ्यांपलीकडे त्याच्या हाताला काही लागलेलं नव्हतं. त्याला हवी होती मरळ. मोठी. हातभर लांब, काळ्या पाठीची, सापासारख्या डोक्याची मरळ, जिला इथले लोक कोर्रमीनु म्हणतात आणि जिच्यासाठी मृगाच्या दिवशी निम्मं शहर पिशवी घेऊन बाजारात उभं राहतं.

"आई, मीरा सांगत होती, तुम्ही लहानपणी एक मोठी मरळ पकडली होती," तो म्हणाला. "मग तुम्हीच सांगा, यातलं काय न्यायचं?"

लेकीला मी एवढंच सांगितलेलं आहे, की पकडली होती. कशी पकडली ते कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते माझे काका जाऊन वीस वर्षं झाली. त्यांना ते कळलं होतं का, आणि कळलं असेल तर त्यांनी मला माफ केलं होतं का, एवढा एक प्रश्न पदराला बांधून मी साठीला टेकले. भेंडी तशीच टाकून मी आत गेले आणि कपाट उघडलं.

कपाटात, साड्यांच्या मागे, खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी आहे. तिच्यात कापसावर एक निळा बेडूक असतो. अंगठ्याएवढा. हवाई चपलेच्या रबराचा कोरलेला, पाय सायकलच्या ट्यूबच्या चिंध्यांचे, डोळे गुंजांचे. एक गुंज कधीच गळून गेली, त्यामुळे तो आता एका डोळ्याने बघतो. पाठीला लागून दोन टोकांचा आकडा, टोकं रबरात जराशी टेकलेली, म्हणजे वेलींत अडकायचा नाही. डबी उघडली की आधी गोळ्यांचा वास येतो, मग रबराचा, आणि सगळ्यांत शेवटी, माझ्या मनाचा खेळ असेल, पण तळ्याचा. शेवाळाचा, ओल्या दोरीचा, उन्हात वाळत चाललेल्या चिखलाचा.

ओंकारने तो तळहातावर घेतला आणि त्याच्या त्या रंगीत फौजेशेजारी धरला. हसला नाही. पोरगं गुणाचं आहे.

दत्तूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घराणं नांदेडकडचं, शेतीतलं. हे दोघे भाऊ नोकरीसाठी हैदराबादेला आले आणि इथलेच झाले. काका सरकारी कचेरीत कारकून. सहा दिवस फायली, आणि सातवा दिवस तळ्याचा. त्या काळी सगळे जण आकड्याला जिवंत बेडूक टोचायचे. काकाही टोचायचे. एकदा मी ते बघून रडले, तर त्यांनी हातातला बेडूक सोडून दिला आणि म्हणाले, ठीक आहे, आपण नकली करू. पुढच्या आठवड्यात काकू हळदीकुंकवाला निघाली तर तिच्या उजव्या चपलेची टाच गायब. माझ्या आईची चप्पल घालून ती नारायणगुड्याला गेली आणि परत आल्यावर तीन दिवस काकांशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, तेही एवढंच, की डावी चप्पल आता काय डोक्यावर घालू? काकांनी तिला नवा जोड आणला आणि डावी चप्पल जपून ठेवली. तिचे पुढे आणखी तीन बेडूक झाले.

काठीचं तर विचारू नका. बेगम बाजारच्या मागच्या गल्लीत बांबूवाला बसायचा. तिथं पोचेपर्यंत वाटेत मिरचीने शिंका यायच्या, मग हिंगाचा वास, मग गुळाच्या ढेपांचा, मग नव्या गोणपाटाचा. डोळे मिटूनसुद्धा मी सांगितलं असतं कुठवर आलो ते. काका एकेक बांबू उचलायचे, बूड मांडीला लावायचे, शेंडा भिंतीला टेकवून वाकवायचे, कान लावून ऐकायचे. तास तास. बांबूवाला कंटाळून म्हणायचा, "साब, बांबू ले रैं की दामाद देख रैं?" काका शांतपणे सांगायचे की दोन्हीची परीक्षा एकच असते. शेंड्याला नरम हवा, म्हणजे मासा ओढेल तेव्हा वाकेल. बुडाला कडक हवा, म्हणजे आपला हात सोडणार नाही. सगळाच कडक असेल तर मोडतो आणि सगळाच नरम असेल तर मासा त्याला वेलींत घेऊन जातो. मीराने ओंकारला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी चहा ओतता ओतता हेच बघत होते. त्याला अजून माहीत नाही.

रविवारी पहाटे काकांच्या जुन्या स्कूटरवर मी मागे, आणि माझ्या हातात उभा बांबू, मिरवणुकीतल्या निशाणासारखा. विद्यानगरच्या बाजूने निघायचो तेव्हा भट्टीवरून उस्मानिया बिस्किटांचा वास यायचा. काका दोन बिस्किटं घ्यायचे, एक माझं आणि एक यादगिरी अन्नाचं. स्वतःला म्हणे भूक नसायची. तळ्याचं नाव मी सांगणार नाही. मासे धरणारा माणूस सगळं सांगतो, तळ्याचं नाव सांगत नाही. काकांनी स्वतःच्या भावाला सांगितलं नव्हतं.

यादगिरी अन्ना तळ्याकाठच्या गावातला कोळी. तेव्हा तिशीतला असेल. काळा, सडसडीत, कानात बाळ्या, आणि हसला की पाण्यापलीकडे ऐकू जावं असं हसू. तळ्यावर गावच्या कोळ्यांचा हक्क. त्याची परवानगी घेतल्याशिवाय काका पाण्याला हात लावत नसत. त्याने काकांना लॉरीच्या टायरची ट्यूब दिली होती, तिच्यावर बाजेसारखी दोरी विणलेली. काका धोतराचा काचा मारून त्या ट्यूबवर मांडी घालून बसायचे आणि हातातल्या दोन फळ्यांनी पाणी मागे सारत जायचे. कचेरीत साहेबासमोर उभं राहून खांदे पडलेला तो माणूस ट्यूबवर बसला की राजासारखा ताठ व्हायचा. मला ट्यूबवर नेत नसत. मी काठावर, शिंगाड्याच्या वेलींजवळ, गुडघाभर पाण्यात.

बेडूक कसा चालवायचा तेही त्यांनीच शिकवलं. कमळाच्या पानावर टाकायचा. मग काही करायचं नाही. पानावरचं पाणी हलायचं थांबेपर्यंत थांबायचं. मग एक बारीक झटका, की बेडूक पानावरून पाण्यात. परत थांबायचं. "घाईतला बेडूक कोणी खात नाही," काका म्हणायचे, "विचारात पडलेला खातात." आणि पाणी फुटलं की लगेच ओढायचं नाही. मनात सीताराम सीताराम सीताराम म्हणायचं, तीनदा, आणि मग ओढायचं. माझा एकच सीताराम व्हायचा. मासा सुटायचा, काका लांबून ट्यूबवरून तीन बोटं दाखवायचे.

एक नियम मात्र पहिल्याच वर्षी घालून दिला होता. मृगाच्या सुमारास पाण्यावर कधी कधी लाल डाग दिसतो. सुपाएवढा, हलता, कोणी तिखट सांडल्यासारखा. जवळून बघितलं तर ती मरळीची पिल्लं असतात, शेकड्यांनी, लालभडक, सगळी एका गोळ्यात फिरणारी. श्वास घ्यायला वर येतात तेव्हा पाणी उकळल्यासारखं दिसतं. त्यांच्या खाली मोठी मरळ असते. ती पिल्लांची राखण करते, त्या दिवसांत धड खात नाही, आणि पिल्लांवर काही पडलं की भूक नसतानाही तोंड टाकते. म्हणून ती धरायला सगळ्यांत सोपी. काकांनी मला खांद्यावर घेऊन तो डाग दाखवला होता आणि म्हणाले होते, "लाल पाण्यावर गळ टाकायचा नाही. बाळंतिणीच्या खोलीत कोणी चपला घालून जातं का?"

मी चौदा वर्षांची होते त्या साली काकांनी घरात फुशारकी मारली. मृगाला नांदेडची आत्या, तिचे यजमान, सगळे येणार होते. काका म्हणाले, यंदा बाजारातला मासा आणायचा नाही, मी आणीन. मग तीन रविवार ते रिकाम्या हाताने आले. आत्याच्या यजमानांची जीभ मोठी तिखट. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांदेखत ते म्हणाले की दत्तू, तू फायलींतच मासे धर. सगळे हसले. काकाही हसले. पण ताटातली भाकरी त्यांनी तशीच ठेवली, आणि ते फक्त मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, काका ट्यूबवर पार पलीकडे होते. मी काठाने चालत होते आणि शिंगाड्यांच्या पुढे, वळणावर, मला लाल पाणी दिसलं. मी तिथं किती वेळ उभी राहिले ते आठवत नाही. एक टिटवी ओरडत होती. काकांची पाठ माझ्याकडे होती. माझ्या मनात भाकरी होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडी मीही होते. मोठा मासा धरलेली मी. मी बेडूक लाल पाण्याच्या मधोमध टाकला.

सीताराम म्हणायची गरजच पडली नाही. पाणी फुटलं आणि बांबू बुडापर्यंत वाकला. मी ओढत ओढत मागे गवतात जाऊन पडले आणि ती माझ्या पायाशी आदळली, ओली, काळी, माझ्या हाताएवढी लांब. आणि मग मी वळून बघितलं. लाल डाग फुटून विखुरला होता. बघता बघता तो परत गोळा झाला, पहिल्यासारखाच, आणि जागच्या जागी फिरत राहिला. त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

काका धापा टाकत आले तेव्हा मी म्हणाले, शिंगाड्यात लागली. काकांनी मरळीकडे बघितलं, मग वळणाकडे. म्हणाले, छान झालं. बस, एवढंच.

घरी माझा जो काही थाट झाला म्हणता. आत्याच्या यजमानांनी मला शेजारी बसवलं. राखेने आणि मिठाने मरळ घासून काकूने परसात दगडावर चिरली, आणि चिंच भिजत घातलेली, तीळ भाजल्याचा वास, लसणाचा वास, सगळं घर दरवळत होतं. तेवढ्यात काकू तिथून मोठ्यांदा म्हणाली, अगं बाई, हिच्या पोटात काहीच नाही, केव्हापासून उपाशी होती कोण जाणे. काका दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. जेवताना त्यांनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, पोरीनं आणलीय. माझ्या घशाखाली तो मासा उतरला नाही. काटा लागला म्हणून सांगून मी उठले.

त्यानंतरचा आठवडा मला दिवसादिवसाने आठवतो. काका मी उठायच्या आधीच बाहेर पडायचे. कचेरीत तपासणी आहे, पहाटे बोलावतात, असं काकूला सांगायचे. दूध आणायला मी जागी व्हायचे तर स्कूटर नसायची. संध्याकाळी यायचे ते दमलेले, मान उन्हाने काळवंडलेली. काकू त्यांच्या विजारीचे चिखलाने भरलेले काठ घासता घासता बडबडायची की ही कसली तपासणी, फायली काय शेतात ठेवल्यात? मला खात्री झाली की ते मला टाळतायत. माझं तोंड नको म्हणून अंधारात घर सोडतायत. आठ दिवसांनी तपासणी संपली आणि रविवारी त्यांनी आपला सगळ्यात आवडता बांबू, तेल पाजलेला, शेंड्याला नरम आणि बुडाला कडक, माझ्या हातात दिला. म्हणाले, आता हा तुझा. चल.

मी गेले नाही. अभ्यास आहे म्हणाले. पुढच्या रविवारी डोकं दुखतंय म्हणाले. त्यापुढे दहावी आली, आणि दहावी हे असं कारण आहे की त्याच्यापुढे देवसुद्धा हात टेकतो. वर्षभर दर रविवारी काकांनी स्कूटर काढून आधी मला हाक मारली. मग हळूहळू थांबले. बांबू काही वर्षांनी उंच तारेवर कपडे टाकायला लागला, आणि मला उरला हा एक बेडूक.

तर ओंकारने बेडूक बघितला आणि म्हणाला, आई, तुम्हीच चला. मी नाही नाही म्हणाले, गुडघ्यांचं कारण सांगितलं, पण मन केव्हाच चप्पल घालून दारात उभं होतं. तळ्याचं नाव मी त्याला गाडीत बसल्यावर सांगितलं. वाटेत बिस्किटांची भट्टी दिसली नाही, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. शहर संपतच नव्हतं. पण वळण घेतलं, आणि तळं होतं. लहान झालं होतं, पलीकडे उंच इमारती आल्या होत्या, तरी होतं. शेवाळाचा वास आला आणि माझे डोळे भरले. ओंकारने बघून न बघितल्यासारखं केलं. सांगितलं ना, गुणाचं आहे.

काठावर लिंबाखाली एक म्हातारा जाळं विणत बसला होता. ओंकार परस्पर कयाक पाण्यात घालायला निघाला, तर मी त्याला म्हाताऱ्याकडे विचारायला पाठवलं. विचारल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. म्हाताऱ्याने मान न उचलता हाताने जा म्हणून खुणावलं.

कयाकमध्ये मी पुढे, ओंकार मागे. जन्मात पहिल्यांदा मी त्या तळ्याच्या मध्यावर होते, जिथून काका मला तीन बोटं दाखवायचे. काठ इथून इतका स्पष्ट दिसतो हे मला माहीत नव्हतं. शिंगाडे, वळण, सगळं. ओंकारने आपली फौज एकेक करून पाण्यात उतरवली. हिरवा बेडूक झाला, पिवळा मासा झाला, चंदेरी पातं झालं. मी मागे न बघता सांगत होते, थांब, घाई नको, त्याला विचार करू दे. काही लागलं नाही. शेवटी त्याने लाजत विचारलं की तुमचा निळा बांधू का. मी डबी काढून त्याच्या हातात दिली. चाळीसच्या वर वर्षांनी तो बेडूक दोऱ्याला लागला.

आणि तेव्हाच ओंकारचा आवाज बदलला. "आई, ते बघा. उजवीकडे."

लाल पाणी. सुपाएवढं. उकळत होतं.

"व्हिडिओत बघितलंय मी हे," तो कुजबुजला. "खाली मोठी असते. टाकली की घेतेच." रॉड वर गेल्याचं मला मागून कळलं. दोन वर्षं त्या पोराने याची वाट पाहिली होती. मला ठाऊक होतं त्याच्या छातीत काय होतंय, कारण माझ्याही छातीत तेच झालं होतं. मी वळले आणि त्याचा हात धरला.

"टाकू नकोस, ओंकार. मी टाकला होता."

मग मी सगळं सांगितलं. भाकरी, आत्याचे यजमान, रिकामं पोट, शिंगाड्यात लागली हे खोटं. पुढे तोंड करून सांगितलं, म्हणजे त्याचा चेहरा बघायला नको. मग रॉड होडीत आडवा ठेवल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने त्याने विचारलं, काका रागावले नाहीत? म्हटलं, नाही ना, रागावले असते तर बरं झालं असतं. आम्ही लांबून पिल्लं बघितली आणि रिकाम्या हाताने काठावर आलो.

म्हाताऱ्याने मासा विचारला. ओंकारने आपल्या तोडक्या हिंदीत सांगितलं की लाल बच्चे होते म्हणून सोडून आलो. म्हातारा हसला, आणि ते हसू पाण्यापलीकडे गेलं. मी जागच्या जागी थबकले. "यादगिरी अन्ना?" त्याने डोळे बारीक केले, ओळख पटेना. मग त्याची नजर ओंकारच्या रॉडवर गेली, तिथं लोंबणाऱ्या निळ्या बेडकावर. त्याने तो बोटांत धरला, उलटा केला, रिकाम्या डोळ्यावर नख फिरवलं.

"चप्पल का मेंडक," तो म्हणाला. "दत्तू साब की बच्ची?"

मग तो बोलत सुटला, अर्धं तेलुगूत, अर्धं दख्खनीत, आणि मी काही ओंकारला सांगत होते आणि काही सांगायचं विसरत होते. म्हणाला, ज्या मृगाला तू ती मरळ नेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत साब इथं हजर. ट्यूब घेतली, वळणावर गेले आणि लाल पिल्लांशेजारी बसून राहिले. पाणकावळा आला की फळीने पाणी बडवायचे. मोठे मासे घुसले की बडवायचे. कचेरीची वेळ झाली की तसेच ओल्या कपड्यांनी जायचे, जाताना मला बसवायचे, आणि संध्याकाळी परत यायचे. आठ दिवस. मी हसायचो त्यांना. म्हणायचो, साब, दोघं राखतात, एक गेली तरी दुसरा आहे खाली. तर म्हणाले, एकट्याला जड जातं, यादगिरी. पिल्लांचा लाल रंग गेला, ती करडी झाली, आपापली पांगली, तेव्हा उठले.

मी लिंबाखाली मातीत बसले. ती तपासणी. ती काळवंडलेली मान. तो विजारीचा चिखल. मला कसंबसं विचारता आलं की त्यांनी मला का नाही सांगितलं.

"बच्ची कू नक्को बोलो, बोले," यादगिरी अन्ना म्हणाला. "बोले तो फिर पानी पो नै आती, बोलके."

मुलीला सांगू नको. सांगितलंस तर ती पुन्हा पाण्यावर यायची नाही. मी तरीही आले नाही, काका. सांगितलं असतंत तर त्याच आठवड्यात येऊन तुमच्या शेजारी पाणी बडवलं असतं. पण राग कुठून आणू? माझ्या चुकीची शिक्षा त्यांनी आपल्या मानेवर घेतली, आणि तिला तपासणी म्हणून नाव दिलं. असं कोणी आपल्यासाठी कधी केलं होतं, हे कळायला साठ वर्षं लागली तरी चालतील. कळलं, हे काय कमी आहे? मी यादगिरी अन्नाचे दोन्ही हात धरून रडले, अगदी मोकळी, लाज न धरता, आणि मनातून इतकी हलकी झाले की माझं मलाच हसू आलं. पिशवीतला बिस्किटांचा पुडा त्याच्या मांडीवर ठेवला. बाजारातली होती, भट्टीची नव्हेत. त्याने एक मोडून अर्धं मला दिलं.

तेवढ्यात वळणावर एक काळा पाणकावळा उतरला. मान वर करून इकडे तिकडे बघितलं आणि बुडी मारली.

मी उठले, साडी खोचली आणि कयाककडे चालू लागले. ओंकार धावत मागे आला. म्हणाला, आई, थांबा, कोणता रॉड घेऊ?

"रॉड राहू दे," मी म्हणाले. "वल्ही घे. दोन्ही."